सफरचंदाच्या साली

माण गावच्या रत्नाबाईंना गावात कुणी कधी हळू चालताना पाहिलं नव्हतं. भाताच्या आवणीला त्या खाचरात उतरल्या की मागच्या बायकांना त्यांच्याबरोबर राहता राहता धाप लागायची. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची, संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन घरी यायचं आणि आल्या पावली चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या, असं त्यांचं उभं आयुष्य गेलं. पुढं मालक हैबतराव वारले, खाचरं कंपन्यांच्या इमारतींखाली गेली आणि मुलगा कैलास यानं उरलेल्या जागेत तीन मजले चढवून खोल्या भाड्यानं दिल्या. रत्नाबाईंना वाकायचं कारणच उरलं नाही. घरात ओटा आला, जेवायला टेबल आलं, धुणं मशिनमध्ये गेलं. सून रेश्मा कामाला चटपटीत. सासूनं झाडू हातात घेतला तर ती तो काढून घ्यायची आणि म्हणायची, आत्या, तुम्ही लई केलं, आता बसा. रत्नाबाई बसायच्या. बसण्यात त्यांना सुखही वाटू लागलं होतं.

पाय कधी गेले ते त्यांना कळलंच नाही. आधी खाटेवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागायला लागला. मग मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागू लागलं. कुणी मागून आलं की त्या वाकून चपलेतला खडा काढल्यासारखं करायच्या. अंघोळीच्या वेळी मांड्यांकडं लक्ष जायचं. एके काळी दगडासारख्या असलेल्या मांड्यांवरची कातडी आता लोंबत होती, आत काहीच नसल्यासारखी. त्या नजर दुसरीकडं वळवायच्या आणि घाईघाईनं लुगडं गुंडाळायच्या.

कैलासनं वरच्या मजल्यावर कमोड बसवला होता. रत्नाबाईंनी तो कधी वापरला नाही. खालचा जुना संडास मला बरा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. एका सकाळी त्या तिथं बसल्या आणि त्यांना उठताच येईना. मांड्यांनी जागच्या जागी दगा दिला. त्यांनी भिंत चाचपली, मग समोरचा नळ धरून अंग वर ओढलं, तसा प्लॅस्टिकचा नळ मुळापासून तुटून हातात आला. पाण्याचा फवारा तोंडावर बसला. रेश्मा बाहेरून दार ठोठावत होती आणि आत रत्नाबाई ओल्याचिंब, दोन्ही हातांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करत होत्या. बऱ्याच वेळानं दार उघडून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या की त्या प्लंबरनं नळच सडका बसवला होता. कैलासनं फोन लावून प्लंबरला फैलावर घेतलं. बिचारा माफी मागत राहिला. रत्नाबाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या.

त्या दिवसापासून त्या खालच्या संडासात जायचं टाळू लागल्या. वर कमोड होता, पण वर जायचं म्हणजे जिना, आणि जिन्यात कुणीतरी बघणार. सांगायचं तर कुणाला आणि कसं? जिच्या ताकदीचं गाव नाव काढायचं, तिनं सुनेला म्हणायचं का, की बाई, मला संडासातनं उठव? त्यापेक्षा संडासात जावंच लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणं तोडलं. पाणी तोडलं तशी भूक मेली, आणि मग रात्रीचं जेवणही त्यांनी जाणूनबुजून सोडलं. रेश्मा ताट घेऊन मागं लागायची. रत्नाबाई तिच्यावरच खेकसायच्या. बघता बघता चेहरा बसला, गळ्याखालची हाडं वर आली, चोळीची बाही दंडावर फिरायला लागली.

दुसऱ्या मजल्यावर जान्हवी नावाची मुलगी भाड्यानं राहत होती. मूळची वाशिमची. गावाशेजारच्या आयटी पार्कातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची. सुट्टीच्या दिवशी ती खाली अंगणात केस वाळवत बसायची आणि रत्नाबाईंशी दोन शब्द बोलायची. एकदा रत्नाबाईंनी सहज विचारलं, पोरी, तू तिथं दिवसभर करतीस तरी काय? जान्हवीला असं कुणी विचारत नसे. ती खुलली. म्हणाली, आजी, वय झालं की माणसाचे स्नायू झिजतात. मांड्या, दंड, सगळं आतून कमी होत जातं. माणूस आजारी नसतो, पण त्याला उठता येत नाही. काही वनस्पतींमध्ये अशी द्रव्यं आहेत की ती ही झीज थांबवू शकतील असं वाटतंय. एक सफरचंदाच्या सालीत असतं, एक हिरव्या कच्च्या टोमॅटोत. उंदरांना दिलं तर त्यांचे स्नायू वाढले, ते जास्त पळायला लागले. आम्ही तसलीच द्रव्यं तपासतो.

ही पोरगी आपलंच सांगतेय असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंड दुसरीकडं करून विचारलं, "आमच्या पाव्हण्यांत हाय एक म्हातारी. तिचे पाय असेच गेल्यात. तिनं साली खाल्ल्या तर चालत्याल का?"

जान्हवी हसून म्हणाली की साल खाल्ल्यानं वाईट तर काही होणार नाही. मग तिचा फोन वाजला आणि ती वर गेली. उंदीर रत्नाबाईंच्या कानावरून गेले. साली तेवढ्या लक्षात राहिल्या.

रेश्मा रोज मुलीच्या डब्यासाठी सफरचंद चिरायची. वर मेण लावलेलं असतं म्हणून ती साल जाडसर काढायची आणि मोरीजवळच्या भांड्यात टाकायची. रत्नाबाईंनी सफरचंद मागितलं असतं तर रेश्मानं पिशवीभर आणून पुढं ठेवली असती. पण का हवीत, सालीसकट का हवीत, हे विचारलं असतं. शिवाय या वयात सुनेकडं काही खायला मागायचं हेही त्यांना जड जात होतं. म्हणून रेश्मा पोरीला बसपाशी सोडायला गेली की त्या भांड्यातल्या साली काढायच्या, गरम पाण्यानं धुवायच्या, पदराखाली घेऊन मागच्या दारी जायच्या आणि उभ्यानंच चावायच्या. कुंडीत रेश्मानं टोमॅटो लावले होते. त्यातले हिरवे कच्चे तोडून तेही खायच्या. तोंड तुरट व्हायचं, पोटात ढवळायचं. तरी त्या खात राहिल्या. अधूनमधून कुणी नसताना खाली बसून बघायच्या. उठताना कशालातरी धरावंच लागायचं.

मागच्या दारासमोर मोठ्या जाऊबाईंचं घर. अनसूयाबाई आणि त्यांचे मालक चंद्रकांत अजून जुन्या घरातच राहत होते. एका सकाळी अनसूयाबाई तारेवर धोतर वाळत घालत होत्या. त्यांनी जावेला तोंड हलवताना पाहिलं आणि काय खातीस गं, म्हणत त्या जवळ आल्या. रत्नाबाईंनी हात पदराखाली घेतला. अनसूयाबाईंनी तो धरून बाहेर काढला आणि मूठ उघडली.

मुठीत चघळलेल्या साली होत्या.

अनसूयाबाईंनी सालींकडं पाहिलं, मग जावेच्या वर आलेल्या हाडांकडं पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला.

"कदीपासनं चाललंय हे?"

रत्नाबाईंना तेव्हाच बोलता आलं असतं. माझे पाय गेल्यात, त्यावर औषध म्हणून खाते, एवढंच सांगायचं होतं. पण अनसूयाबाईच समोर होत्या. आवणीत यांना आपण कायम मागं टाकलं, आणि आता यांना सांगायचं की मला बसलं तर उठता येत न्हाई? रत्नाबाईंनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं ते लाजेचं होतं. अनसूयाबाईंनी त्याचा दुसराच अर्थ लावला, आणि जे पाहिलं त्यावरून कुणीही तोच लावला असता.

गोष्ट गावात फिरायला वेळ लागला नाही. तीन मजल्याचं भाडं खातात आणि म्हातारीला साली खाऊ घालतात, असं बायका बोलायला लागल्या. भजनी मंडळात रेश्मा जाऊन बसली की शेजारच्या दोघी उठून पलीकडं सरकायच्या. तिला कारण कळेना. ते कैलासला कळलं. एका साखरपुड्यात चंद्रकांतकाकांनी त्याला गाठलं आणि चार माणसांच्या देखत विचारलं की तुझ्या बापानं हेच शिकवलं होतं का.

कैलास घरी आला तो तसाच स्वयंपाकघरात गेला. रत्नाबाई बाहेरच्या खोलीत होत्या. मधलं दार उघडंच होतं. त्यांना कैलासचा प्रत्येक शब्द ऐकू आला. रेश्मानं मळतं पीठ बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला काय विचारता? त्या बाहेर बसल्यात. त्यांना विचारा."

कैलास बाहेर येऊन आईसमोर उभा राहिला. त्याच्या मागं दाराच्या चौकटीत रेश्मा होती, हाताला पीठ लागलेलं.

"आये, रेश्मा तुला नीट जेवाया देती का न्हाई?"

"देती की," रत्नाबाई म्हणाल्या.

शब्द खरे होते. पण ते निघाले पुटपुटल्यासारखे, नजर चुकवून, एखादी धाकात असलेली बाई बोलेल तसे. रत्नाबाईंना स्वतःला ते ऐकू आलं. आता पुढं काहीतरी बोलावं, हे सावरावं, असं त्यांना वाटलं. पण सावरायचं तर पाय सांगावे लागणार होते. त्या गप्प बसल्या. रेश्मानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि ती आत गेली. ते पाहणं पुढं कित्येक दिवस रत्नाबाईंच्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

त्यानंतर घरात सगळं व्हायचं, पण बोलणं बंद झालं. रेश्मा सासूचं ताट आता रस्त्याकडंच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं मांडायची. वर तूप, वाटीत उसळ, दुधाचा पेला. आणि जेवण होईस्तोवर बाजूला उभी राहायची. भजनाला जाणं तिनं सोडलं. भुकूमला तिच्या माहेरीही कुणीतरी हे पोचवलं. आईचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलायची आणि डोळे पुसून खाली यायची. रत्नाबाई एकेक घास गिळायच्या. सफरचंदं घरात येईनाशी झाली होती. पाय होते तसेच होते, किंबहुना अजून दुबळे झाले होते.

अनसूयाबाईंच्या नातसुनेला, उत्कर्षाला, मुलगी झाली. बारशाला अनसूयाबाई स्वतः बोलवायला आल्या आणि जावेला हाताला धरून घेऊन गेल्या. रेश्मा मागून एकटी आली. मांडवात सतरंज्या अंथरल्या होत्या. रत्नाबाईंपेक्षा थोरल्या बायका खाली मांडी घालून बसल्या होत्या. खुर्ची मागायचं धाडस त्यांना झालं नाही. बसायला काही अडचण नव्हती. अंग सोडून दिलं की बसता येत होतं. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग पंगतीसाठी जागा करायची म्हणून बायका पदर सावरत उठल्या. दोन मुलींनी सतरंजी एका टोकाकडून गुंडाळायला घेतली. गुंडाळत गुंडाळत त्या रत्नाबाईंपर्यंत आल्या आणि थांबल्या.

सगळ्या उभ्या होत्या. त्या एकट्या खाली होत्या.

त्यांनी एक हात मागं टेकला. मग दोन्ही. गुडघा दुमडून तळवा रोवला आणि जोर केला. अंग अर्धवट वर आलं, हात सतरंजीवर घसरला आणि त्या कुशीवर पडल्या. पदर सरकला. कुणीतरी च्च केलं. अनसूयाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अंगात जीव कुटनं ऱ्हाईल? बघ रेश्मा, बघ काय करून ठिवलंस."

रेश्मा बायकांमधून पुढं आली. ती मागं गुडघ्यांवर बसली, सासूच्या दोन्ही काखांतून हात घातले आणि त्यांना छातीशी धरून वर उचललं. तोल सावरेपर्यंत तिनं सोडलं नाही. मग एका हातानं पदर खांद्यावर नीट केला आणि बाजूला झाली.

रत्नाबाई उभ्या होत्या खऱ्या, पण जमिनीत गाडून घ्यावं असं त्यांना झालं होतं. ज्याला त्या इतके महिने भीत होत्या ते सगळं आत्ता मांडवात घडून गेलं होतं. लपवायला काही राहिलं नव्हतं. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अनसूयाबाई, तिला बोलू नगा. माझे पाय गेल्यात. बसलं तर मला उठता येत न्हाई. संडासात जावं लागू नये म्हणून मीच खायाचं सोडलं. साली पायाला औषध म्हणून चोरून खात हुते. ती मला ताट घिऊन मागं लागायची, अन् मी तिच्याच अंगावर जायाची. तुमी इचारलं तवा मी गप ऱ्हायले. कैलासनं इचारलं तवाबी."

एका तरण्या बाईला हसू आवरलं नाही, तिनं पदर तोंडाला लावला. अनसूयाबाई वाढपाकडं बघायला हवं म्हणत आत गेल्या. रेश्मा तिथंच होती. रत्नाबाईंना वाटलं ती आता रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, "आत्या, हे घरात सांगितलं असतं तरी झालं असतं," आणि चपला शोधायला गेली.

कैलासनं आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठायला सांगितलं. त्यांना उठता आलं नाही. कैलासनं मान फिरवली. रक्त तपासलं, मांडीचा घेर घेतला. डॉक्टर म्हणाले की वय आहे, बसून राहणं आहे आणि त्यात खाणं सोडलंय, मग स्नायू राहणार कसे. डाळ, दूध, अंडी, भरपूर पाणी, एक गोळी, आणि खुर्चीवरून उठणं-बसणं रोज, दमेपर्यंत.

जान्हवीच्या कानावर सगळं गेलं तेव्हा ती खाली रत्नाबाईंच्या खाटेपाशी आली. मग म्हणाली, "आजी, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. ते द्रव्य उंदरांना शुद्ध करून दिलं होतं. सालींतून तेवढं मिळवायचं तर पाट्याच्या पाट्या खाव्या लागतील. आणि माणसात त्याचा उपयोग होतो असं अजून कुणाला नीट दाखवता आलेलं नाही. कच्चे टोमॅटो तर एवढे खायलाच नको होते. पाहुण्यांतली म्हातारी म्हणालात तेव्हा मी पुढं विचारायला हवं होतं."

रत्नाबाईंनी तिला बसायला सांगितलं आणि विचारलं, मग तू कशापायी हे काम करतीस? जान्हवी खाटेच्या कडेला टेकली. म्हणाली की कधीतरी यातून एखादं औषध निघेल कदाचित. आत्ता नाही. तुमच्यासाठी तर नाहीच. तिचं हे सरळ बोलणं रत्नाबाईंना आवडलं. त्या म्हणाल्या, "तुजा काय दोष न्हाई. खोटं मी बोलले हुते."

अंगणात खुर्ची मांडली गेली. रस्त्यानं आयटीतली पोरं जात असताना रत्नाबाई उठायच्या, बसायच्या. पहिल्या दिवसांत लाजेनं त्यांचा चेहरा तापायचा, मांड्या थरथरायच्या. रेश्मा शेजारी उभी राहायची, पडल्या तर धरायला. अंडं उकडून द्यायची. खालच्या संडासात तिनं कैलासला सांगून कमोड बसवून घेतला, भिंतीला लोखंडी दांडा लावून घेतला. सगळं करायची, पण कामापुरतं बोलायची. रत्नाबाईंनी दोनदा तिची माफी मागायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा रेश्मा म्हणाली, राहू द्या आत्या, आणि दुसऱ्या खोलीत गेली.

भात निसवून लोंब्या बाहेर पडण्याच्या सुमारास रत्नाबाईंना हात न लावता खुर्चीवरून उठता येऊ लागलं. जमिनीवरून अजून नाही. त्याच आठवड्यात त्यांनी कैलासला गाडी काढायला सांगितली आणि भुकूमला जायचंय म्हणून सांगितलं. रेश्मानं कशाला म्हणून विचारलं. रत्नाबाई म्हणाल्या, तुज्या आईकडं माजं काम हाय. रेश्माही बरोबर निघाली.

रेश्माच्या माहेरचं घर उंच जोत्यावर होतं. पायऱ्यांना कठडा नव्हता. कैलास हात द्यायला पुढं झाला, त्याला त्यांनी राहू दे म्हटलं आणि भिंतीला हात लावत, प्रत्येक पायरीवर दम घेत त्या वर गेल्या. रेश्माची आई उषाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी या म्हटलं, पण हसल्या नाहीत. पाणी झालं. रत्नाबाईंनी चहाची वाट न बघता सांगायला सुरुवात केली. नळापासून बारशापर्यंत सगळं सांगितलं. संडासातलं सांगताना कैलास आणि व्याही, रेश्माचे वडील, समोर होते, तरी थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या लेकीला माज्यापायी गावानं नावं ठिवली. मला एका शबूदानं ते थांबवता येत हुतं. मी थांबवलं न्हाई. हे तुमाला माज्या तोंडनं कळावं म्हून आले."

उषाताईंनी पाण्याचे पेले गोळा केले. मग म्हणाल्या, "माझी पोरगी फोनवर रडायची तेव्हा मीही तिला विचारलं होतं, खरंच काही कमी-जास्त केलंस का. आईनं असं विचारलं. तिचा तेवढा विश्वास मला कुणी परत देणार नाही." त्या उठून चहा ठेवायला गेल्या. आतून कपबश्यांचा आवाज येत राहिला. रेश्मा खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

चहा झाला. निघताना उषाताईंनी रत्नाबाईंना हळदकुंकवाऐवजी नारळ दिला आणि पायऱ्या उतरेपर्यंत दंडाला धरून ठेवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. रत्नाबाईंनीही विचारलं नाही.

परत निघाले तेव्हा दिवस कलला होता. पिरंगुटच्या चौकात गाड्यांची रांग लागली होती. तिथं कैलासनं विषय काढला की तळमजल्याची खोली पुढच्या महिन्यात रिकामी होतेय, एक नांदेडकडचं जोडपं विचारून गेलंय, बरोबर म्हातारा बाप आहे. एकटी पोरं ठेवली तर कटकट कमी, असं त्याचं मत होतं. रेश्मा म्हणाली की कुटुंब असलेलं बरं, खोली नीट राहते. दोघं जरा वेळ वाद घालत राहिले. मग रेश्मानं पुढच्या सीटवरून अर्धवट मागं वळून विचारलं, "आत्या, तुम्हाला काय वाटतं?"

रत्नाबाई क्षणभर गोंधळल्या. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी असं काही विचारलं नव्हतं.

"जोडप्याला द्या," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याला पायऱ्या नगत."

रेश्मानं मान हलवली आणि ती पुन्हा रस्त्याकडं बघू लागली. पुढची गाडी हलली तशी कैलासनंही गाडी पुढं काढली.